‘अटॅक द ब्लॉक’: तुमची पत्रं, माझी उत्तरं

मागच्या अंकात रात्री दिवे मालवून बघायच्या सिनेमांची यादी दिली होती. त्यात ‘अटॅक द ब्लॉक’ला मी जेमतेम चार ओळी दिल्या, आणि या महिन्यातली निम्मी पत्रं त्याच्याबद्दलच आली. मला फार बरं वाटलं, कारण माझा हा जिवाभावाचा सिनेमा आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. २०११ सालचा ब्रिटिश सिनेमा, लांबी ८८ मिनिटं, दिग्दर्शक जो कॉर्निश, त्याचा पहिलाच चित्रपट. दक्षिण लंडनमध्ये ५ नोव्हेंबरची रात्र आहे, सगळीकडे फटाके उडताहेत. पाच पोरं एका शिकाऊ नर्सला, सॅमला, चाकू दाखवून लुटतात. तेवढ्यात आकाशातून काहीतरी येऊन शेजारच्या गाडीवर आदळतं. आतून निघालेला प्राणी पोरांचा म्होरक्या मोझेस याला ओरबाडतो, मोझेस त्याचा पाठलाग करून त्याला मारतो. मग त्या प्राण्याचे भाईबंद उतरतात, आणि पोरं राहतात त्या उंच इमारतीला वेढा पडतो. पुढच्या उत्तरांत शेवटही आलाय. सिनेमा आधी बघायचा असेल तर अंक मिटून ठेवा.

आम्ही इंजिनिअरिंगचे पाच मित्र २५ हजारांत एक भयपट करतोय, पंधरा मिनिटांचा. परग्रहावरचा प्राणी दाखवायचाय. सगळे म्हणतात कॉम्प्युटर ग्राफिक्सशिवाय हसं होईल. ‘अटॅक द ब्लॉक’मधले प्राणी कसे केले होते?
— विद्यार्थी, जळगाव

मित्रा, त्या प्राण्यांच्या आत माणसं होती. मुख्य माणूस टेरी नोटरी, मूळचा जिम्नॅस्ट, सर्कशीत काम केलेला, पुढे पडद्यावरच्या माकडांच्या हालचालींसाठी नावाजला गेलेला. सूट अमेरिकेतल्या स्पेक्ट्रल मोशन या मंडळींनी बनवले. लांब हात जमिनीला टेकवून, चारी पायांवर तो माणूस खरोखर त्या अरुंद जिन्यांतून आणि बोळांतून धावलाय. पोरं घाबरून मागे बघतात तेव्हा त्यांच्या मागे खरंच कुणीतरी असतं. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

कॉम्प्युटर आला तो नंतर, आणि त्याचं काम ऐकून मी खुर्चीतच सरळ बसलो होतो. स्वीडनच्या फिडो या स्टुडिओने चित्रित झालेल्या प्राण्यावरचे बारकावे पुसून टाकले. फरचे केस, घड्या, स्नायू, अंगावर पडलेला उजेड, सगळं. उरला फक्त काळा आकार आणि त्यात चमकणारे निळसर दात. डोळे नाहीत. कॉर्निशला ही कल्पना स्वतःच्या काळ्या मांजरीवरून सुचली होती. अंधारात मांजर बसली की तिचं तोंड कुठे आणि पाठ कुठे ते कळत नाही, नुसती बाह्यरेषा दिसते. इतर सिनेमे कॉम्प्युटरकडून प्राण्यावर केस, खवले, लाळ चढवून घेतात. इथे सगळं उतरवून घेतलं.

मी तीसेक वर्षं नाटकांची रंगभूषा केली आणि मुखवटे बनवले, त्यामुळे हे मला हाताने कळतं. एका बालनाट्यासाठी मी राक्षस केला होता. स्पंज कापून अंग, वर काळी फर, आठवडाभर खपलो. रंगीत तालमीला पूर्ण प्रकाशात तो आला आणि पुढच्या रांगेतलं एक पोर ओरडलं, “आई, त्याच्या पाठीला चेन आहे!” सगळा धाक संपला. आमच्या प्रकाशयोजनाकाराने काही न बोलता समोरचे सगळे दिवे शून्यावर आणले आणि मागून एकच स्पॉट टाकला. आता फक्त कडा दिसत होत्या. तेच पोर आईच्या मांडीवर जाऊन बसलं. त्या दिवसापासून काळ्या राक्षसासाठी मी सॅटिन घेतलं नाही. सॅटिन चमकतं. वेल्वेट घ्यायचं, ते उजेड पिऊन टाकतं.

आणखी एक सांगतो. माझं बालपण चिपळूणकडचं. शिमग्यात खेळे दारात यायचे तेव्हा संकासुर यायचा: नखशिखांत काळा झगा, डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. घुंगरांचा आवाज आधी यायचा, तो नंतर. आम्ही पोरं माजघरात पळायचो. डोळे दिसत नाहीत म्हणजे तो कुणाकडे बघतोय ते कळत नाही, तेव्हा तो आपल्याकडेच बघतोय असं प्रत्येकाला वाटतं. लंडनचे ते काळे प्राणी पडद्यावर पाहिले तेव्हा माझ्या कानात घुंगरं वाजली.

तर तुमच्या २५ हजारांत असं करा. प्राणी एकच ठेवा. अंगाला काळं वेल्वेट किंवा धाग्यांची दाट, न चमकणारी फर, आणि हात कोपरापासून पुढे लांब करा, म्हणजे माणसाचं माप मोडतं आणि आत माणूस आहे हे डोळा विसरतो. जिना निवडा, मैदान नको. दिवा कायम प्राण्याच्या मागे. मोबाइलवर शूट करत असाल तर एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर काळोख दिसला की मोबाइल आपणहून उजेड वाढवतो आणि वेल्वेटची शिवण दाखवतो. धूर हवा असेल तर धूप चालेल. बंद जिन्यात फटाके लावायचे नाहीत, काही झालं तरी नाही. सूटमधल्या मुलाला दर दहा मिनिटांनी बाहेर काढा आणि पाणी द्या. फरच्या आत माणूस भाजून निघतो, मी चक्कर येऊन पडलेले पाहिलेत. आणि प्राण्याचा आवाज तो दिसण्याआधी येऊ द्या.

सिनेमा उत्तम बनवलाय हे मान्य. पण चाकू दाखवून बाईला लुटणाऱ्या टोळक्याला नायक करणं मला पटलं नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीचं मंगळसूत्र मोटरसायकलवरून आलेल्या दोन मुलांनी हिसकावलं. तिच्या मानेवरचा वळ महिनाभर होता. ती अजून संध्याकाळी एकटी बाहेर पडत नाही. अशा मुलांसाठी आम्ही टाळ्या वाजवायच्या?
— निवृत्त बँक अधिकारी, नाशिक

साहेब, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. वहिनींना माझा नमस्कार सांगा. या प्रश्नाला मी वरवरचं उत्तर देणार नाही.

पहिल्यांदा हे सांगतो की हा सिनेमा लुटल्या गेलेल्या माणसाने लिहिलाय. कॉर्निशला स्वतःला दक्षिण लंडनमध्ये, तो जिथे वाढला त्याच भागात, पोरांनी लुटलं होतं. त्याने नंतर सांगितलंय की ती पोरंही त्याच्याइतकीच भेदरलेली दिसत होती. ही पोरं कोण, घरी गेल्यावर काय करतात, हा प्रश्न त्याच्या डोक्यात राहिला आणि त्यातून ही गोष्ट आली.

तेव्हाचा काळही लक्षात घ्या. डोक्यावर टोपीचा स्वेटर, ज्याला तिकडे हूडी म्हणतात, तो घातलेला पोरगा म्हणजे गुंड, असं ब्रिटनमध्ये जवळपास ठरूनच गेलं होतं. २००५ साली केंटमधल्या ब्लूवॉटर या मोठ्या मॉलने हूडी घालून यायला बंदी केली. सिनेमांतही २००८ चा ‘ईडन लेक’, २००९ चा ‘हॅरी ब्राउन’, यांत अशी पोरं म्हणजेच भयपटातला राक्षस. कॉर्निशने खरा राक्षस आणून त्यांच्यासमोर उभा केला.

आता टाळ्यांचं. सुरुवातीचा प्रसंग परत बघा. सॅम ओव्हल स्टेशनातून बाहेर पडून फोनवर आईशी बोलत घरी निघालीय. पोरं तिला घेरतात, फोन घेतात, बोटातली अंगठी मागतात. त्या प्रसंगात एकही विनोद नाही. कॅमेरा तिच्या बाजूने आहे, आपण तिच्याइतकेच घाबरतो. पुढे नाइलाजाने सगळे एका घरात अडकतात तेव्हा पोरं तिला सांगतात की तू याच इमारतीतली आहेस हे माहीत असतं तर तुला हात लावला नसता. म्हणजे दुसरीकडे राहणारीला लुटलेलं चालतं का, असं ती तिथल्या तिथे विचारते. पोरांकडे उत्तर नसतं. ती त्यांच्याबरोबर राहते, कारण बाहेर मरण आहे. क्षमेचं भाषण कुणी करत नाही.

आणि मोझेसचा हिशेब कोण करतं? तो स्वतःच. त्याने सुरुवातीला मारली ती मादी होती. तिचा वास त्याच्या जॅकेटला लागलाय, गांजा पिकवायच्या खोलीतल्या अतिनील दिव्याखाली तो डाग चमकतो तेव्हा पोरांना हे कळतं. नर त्या वासामागे येताहेत. तोवर त्याचे दोन मित्र मेलेत. तेव्हा मोझेस सांगतो की हे संकट मीच इथे आणलं, मीच ते संपवणार. मेलेली मादी पाठीवर बांधून तो सगळ्या नरांच्या मधून धावत जातो. आपल्याकडे अशा वेळी नायकाच्या आईची आजारपणं दाखवून त्याचा गुन्हा हलका करतात. इथे मोझेसच्या गुन्ह्याचं वजन सिनेमाभर त्याच्या पाठीवर आहे, शेवटी तर अक्षरशः.

याच्या जरा आधी एक प्रसंग आहे, त्यासाठी मी हा सिनेमा चार वेळा पाहिला. सगळ्या नरांना मोझेसच्या घरात खेचून स्फोटात उडवायचं ठरतं. त्यासाठी गॅस सुरू करायला सॅमला त्या घरात जावं लागतं, कारण तिच्या अंगाला तो वास नाही. ती आत जाते. घर ओकंबोकं. आईबाप नाहीत, एक काका आहे तो कधी येतो कधी जातो. मोझेसच्या बिछान्यावर स्पायडर-मॅनची चादर. सॅम त्याला विचारते, तुझं वय काय. पंधरा. त्याला आपण तासभर पुरुष समजत होतो. चाकू हातात घेऊन उभा असताना तो तिलाही पुरुषच वाटला होता. ती चादर दोन-तीन सेकंद दिसते, कुणी रडत नाही.

वहिनींचं मंगळसूत्र हिसकावणाऱ्यांना तुम्ही माफ करावं असं मी म्हणणार नाही, तो अधिकार माझा नाही. मला इतकंच सांगायचंय की या सिनेमाने तुमच्या पत्नीसारखीच्या भीतीला खोटं ठरवलेलं नाही. शेवटी पोलिस मोझेसला बेड्या घालतात आणि पोलिसांपुढे त्याच्या बाजूने बोलते ती सॅमच. मला ते खरं वाटलं, कारण तोवर तिने त्याचं घर पाहिलेलं असतं.

याच विषयावर सोलापूरहून एका वाचकाने विचारलंय की मोझेस सरकारबद्दल ते काय बोलतो. आधी आमच्यात अंमली पदार्थ पाठवले, मग बंदुका, आता हे राक्षस; काळी पोरं एकमेकांना पुरेशा वेगाने मारत नाहीत म्हणून; असा त्याचा समज. हा समज पंधरा वर्षांच्या पोराचा आहे, दिग्दर्शक त्याला खरं ठरवत नाही आणि थट्टाही करत नाही. सिनेमा मे २०११ मध्ये लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोलिसांच्या गोळीने मार्क डगन हा तरुण गेल्यावर उत्तर लंडनच्या टॉटनहॅममधून दंगल पेटली आणि शहरभर पसरली. त्यानंतर लोक हा प्रसंग वेगळ्या कानांनी ऐकू लागले.

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. मित्रांनी सांगितलंय म्हणून बघायचा हट्ट धरून बसलाय. दाखवू का?
— एक आई, ठाणे

ताई, दोन वर्षं थांबा. ब्रिटनमध्ये याला १५ वर्षांवरच्यांसाठीचं प्रमाणपत्र आहे. रक्त आहे, दोन पोरांचे मृत्यू फार जवळून दिसतात, शिव्या सतत आहेत, आणि गांजा पिकवायची एक आख्खी खोली गोष्टीच्या मध्यभागी आहे. तोवर तुम्ही एकट्याने बघून ठेवा. पंधराव्या वर्षी मात्र त्याच्या शेजारी बसून दाखवा.

मी इंग्रजी शिकवते, तरी निम्मं बोलणं डोक्यावरून गेलं. ही कुठली इंग्रजी? आणि ‘ब्लॉक’ म्हणजे नक्की काय?
— शिक्षिका, लातूर

बाई, ही दक्षिण लंडनच्या रस्त्यावरची इंग्रजी. कॅरिबियन, आफ्रिकी, जुनी लंडनची, सगळ्यांची मिसळ. कॉर्निशने ती घरी बसून रचलेली नाही. तो युवक केंद्रांत जाऊन मुलांना गोष्ट सांगायचा, असं झालं तर तू काय करशील, कुठलं हत्यार उचलशील, असं विचारायचा आणि त्यांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यायचा. ‘अलाउ इट’ म्हणजे ‘परवानगी दे’ नव्हे. ‘सोड रे, जाऊ दे’. ‘ट्रस्ट’ म्हणजे ‘आईशप्पथ’. ‘ब्रव’ म्हणजे आपला ‘भावा’, अगदी कोल्हापुरातल्या वजनाचा. इंग्रजी सबटायटल लावून एकदा बघा, मग सबटायटलशिवाय. दुसऱ्या खेपेला लय सापडते.

ब्लॉक म्हणजे नगरपालिकेने बांधलेली भाड्याच्या घरांची उंच इमारत. लोक चटकन म्हाडा म्हणतात, पण म्हाडाचं घर सोडतीत लागलं की आपल्या मालकीचं होतं. इथे मालक पालिका, राहणारे भाडेकरू, पिढ्यान्‌पिढ्या. बीडीडी चाळींची जुनी पद्धत त्याला जास्त जवळची. म्हणून पोरं ‘आमचा ब्लॉक’ म्हणतात तेव्हा त्यात मालकी नाही, राखण आहे.

तुम्ही वाचणाऱ्या आहात म्हणून एक गंमत दाखवतो. इमारतीचं नाव विंडहॅम टॉवर. हे इंग्रज विज्ञानकथाकार जॉन विंडहॅमचं नाव. १९५१ सालची ‘द डे ऑफ द ट्रिफिड्स’ आणि १९५७ सालची ‘द मिडविच कुकूज’ या कादंबऱ्या त्याच्या. दुसरीत तर परग्रहावरची शक्ती शांत इंग्रज खेड्यात शिरते. वस्तीचा नकाशा दिसतो तिथे पडदा थांबवा, वेल्स, हक्सले, बॅलार्ड अशी त्याच पठडीतल्या लेखकांची नावं सापडतील. खेड्यातल्या चर्चजवळ उतरणारं जुनं इंग्रज संकट कॉर्निशने पालिकेच्या लिफ्टमध्ये आणलं.

इतका चांगला सिनेमा होता तर चालला का नाही?
— वाचक, इचलकरंजी

खर्च सुमारे ८० लाख पौंड, तेव्हाच्या दराने साठ कोटी रुपयांच्या आतबाहेर. मराठी निर्मात्याला ही रक्कम ऐकून धडकी भरेल, पण त्याच वर्षीच्या हॉलिवूडच्या ‘काउबॉइज अँड एलिअन्स’ला १६ कोटी डॉलरहून जास्त लागले होते. त्यात अशी दहा-बारा ‘ब्लॉक’ बसली असती. ब्रिटनमध्ये तिकीटविक्री २५ लाख पौंडांच्या आसपास झाली, अमेरिकेत तो मोजक्याच पडद्यांवर लागला. धंद्यात तोटाच.

पण मार्च २०११ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात प्रेक्षकांनी त्याला पुरस्कार दिला होता, आणि पुढे घरी बसून बघणाऱ्यांनी तो जिवंत ठेवला. मोझेस झालेला जॉन बोयेगा दक्षिण लंडनमधल्या पेकहॅमचा, म्हणजे तिथल्याच मातीतला. हा त्याचा पहिला सिनेमा. २०१५ मध्ये तो ‘स्टार वॉर्स’चा नायक झाला. सॅमचं काम करणारी जोडी व्हिटेकर पुढे ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश टीव्ही मालिकेत ‘डॉक्टर’ ही मुख्य भूमिका करणारी पहिली स्त्री झाली.

उणिवा मलाही दिसतात. गांजाच्या धंद्यातला हाय-हॅट्झ हा खलनायक पुठ्ठ्याचा आहे, परग्रहवासी आले तरी त्याचं तेच ते चालू. आणि इमारतीतल्या मुली एका प्रसंगात येतात, मिळेल त्या वस्तूने प्राण्याशी झुंजतात, मुलांपेक्षा शहाणं बोलतात आणि पुढे गोष्ट त्यांना विसरते. त्यांना आणखी वीस मिनिटं द्यायला हवी होती.

मुलगी शिकायला लंडनमध्ये आहे. ती आणि मी फोनवर एकाच वेळी हा सिनेमा पाहिला. आता तिला ती इमारत बघायचीय. कुठे आहे?
— गृहिणी, सांगली

ताई, विंडहॅम टॉवर नावाची इमारत खरी नाही, वेगवेगळ्या वस्त्या जोडून ती केलीय. बाहेरून दिसणारा बराच भाग एलिफंट अँड कॅसल इथल्या हेगेट एस्टेटचा. ती वस्ती १९७४ मध्ये पुरी झाली, बाराशेच्या आसपास घरं होती. चित्रीकरण झालं तेव्हा तिथली बहुतेक कुटुंबं दुसरीकडे हलवलेली होती, कारण पाडकाम ठरलेलं होतं. २०१४ पर्यंत सगळं जमीनदोस्त झालं. त्या जागी आता एलिफंट पार्क नावाच्या नव्या, महागड्या इमारती आहेत. मोझेससारख्यांना परवडतील अशी घरं तिथे फार थोडी. सिनेमातल्या त्या लांबलचक राखाडी भिंती मी आता बघतो तेव्हा मला पोरांइतकंच त्या भिंतींसाठी वाईट वाटतं.

ओव्हल स्टेशन मात्र तिथेच आहे, नॉर्दर्न लाइनवर. लेकीला सांगा, ५ नोव्हेंबरला संध्याकाळी मैत्रिणीला घेऊन जा, एकटी नको. १६०५ साली पार्लमेंट उडवायचा कट फसला त्याची आठवण म्हणून त्या रात्री शहरभर आतषबाजी असते. स्टेशनाच्या दारात उभं राहून तिने तुम्हाला फोन लावावा. सॅम तिथूनच आईशी बोलत निघते. तुम्हाला सांगलीत फटाके ऐकू येतील.